रोइंग म्हणजे कयाकिंग नव्हे

फोटो कयाकचा आणि खाली ओळ 'रोइंगपटू'. हे एकदाचं थांबायला हवं. कयाक बऱ्याच जणांनी सहलीत चालवलेली असते, तेव्हा तिचं थोडक्यात: वल्ह्याच्या दोन्ही टोकांना पाती, तोंड पुढे. रोइंगमध्ये पाठ पुढे आणि ऑलिंपिकमधलं नेहमीचं अंतर २००० मीटर. दोन्ही खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनाही वेगळ्या.

'तोंड कुठे' हाच फरक जो तो सांगतो. पण तो वरवरचा. मुळात बघायचं ते वल्हं कुठे टेकलंय. कयाकचं वल्हं फक्त हातांनी पेललेलं असतं. रोइंगचं वल्हं रिगरवरच्या (बोटीच्या कडेला बाहेर आलेल्या चौकटीवरच्या) ओअरलॉकमध्ये, म्हणजे फिरत्या खोबणीत, अडकवलेलं असतं, म्हणजे ती तरफच. स्कलिंगचं (दोन हातांत दोन वल्ही असलेल्या रोइंगचं) वल्हं साधारण २.९ मीटर लांब, त्यातलं टेकूच्या आत जेमतेम ८८ सेंटिमीटर. हँडल छातीकडे ओढलं की बाहेरचं पातं उलट दिशेला रेटतं आणि बोट पाठीच्या दिशेने निघते. पाय बोटीला बांधलेल्या बुटांत, सीट चाकांवर. त्यामुळे मांड्यांचा जोर सरळ हँडलवर येतो. कयाकमध्येही पाय लागतात, पण सीट जागची हलत नाही आणि मुख्य काम धड पिळण्याचं.

म्हणूनच रोइंगला 'हातांचा व्यायाम' म्हटलं की डोकं फिरतं. पातं पाण्यात गेलं की आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. पातं पाण्याबाहेर काढून पुढच्या स्ट्रोकसाठी परतताना नेमकं उलट: हात, पाठ, पाय. कोपर आधी वाकलं तर पायांचा जोर हँडलपर्यंत पोचण्याआधीच हात थकतात. दुसरी चूक, सीट मागे पळते पण हँडल जागेवरच. त्यात पाय फुकट जातात आणि ताण कंबरेवर येतो. गुडघ्यांना दणका न बसता पाय, पाठ, हात आणि दमसास एकत्र कमावणारा हा व्यायाम खरा, पण क्रम चुकला की कंबरच आधी कुरकुरते.

परतताना घाई नको. बोटीपेक्षा माणूस कितीतरी जड. तो सीटवरून धावत पायांकडे आला की बोटीचा वेग मोडतो. सरावात मिनिटाला १८ ते २२ स्ट्रोक पुरतात.

जिममधल्या एअर रोइंग मशीनचा डँपर (पंख्याला किती हवा मिळेल ते ठरवणारा खटका) १० वर ठेवून मिरवणारेही असतात. तो सायकलच्या गिअरसारखा असतो, मेहनतीचं माप नव्हे. ३ ते ५ वर ठेवा आणि जोर पायांनी लावा.