लाइट कमी केला म्हणजे सॉफ्ट झाला असं नाही

पोर्ट्रेट शिकणाऱ्या पोरांत एक गैरसमज इतका मुरलाय की आता तो खोडून काढायचाही कंटाळा येतो. सिटिंगला, म्हणजे फोटो काढून घ्यायला, बसलेल्या काकू म्हणतात, "लाइट जरा सॉफ्ट करा हो, डोळ्यांवर येतोय." पोरगं लगेच स्टँड उचलतं आणि चार पावलं मागं नेऊन ठेवतं. काकूंचे डोळे निवतात, पोरगं खूश. फोटोत मात्र नाकाची सावली आधीपेक्षा टोकदार, कपाळावर तेलकट ठिपका आणि हनुवटीखाली काळी रेघ. लाइट कमी झाला हे खरं. पण तो सॉफ्ट झाला नाही, उलट हार्ड झाला.

कमी-जास्तचं मी काही सांगत बसत नाही. आयएसओ, शटर, ॲपर्चर तुम्हाला पाठ आहे. उजेड कमी पडला तर काय फिरवायचं ते दहावीतल्या पोरालाही मोबाइलवर समजतं. लाइट किती आहे हा प्रश्न तिथं मिटतो. तो कसा आहे याचं उत्तर मात्र कॅमेऱ्यातल्या कुठल्याच बटणात नाही. ते बघायचं सावलीच्या कडेत. कड सुरीनं कापल्यासारखी असेल तर लाइट हार्ड. उजेडाकडून काळोखाकडं हळूहळू सरकत गेली असेल तर सॉफ्ट.

आणि ती कड ठरते एकाच गोष्टीवर: चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर उजेडाचा उगम केवढा मोठा दिसतो. नाकाच्या बाजूला, गालावर एक मुंगी बसलीय असं धरा. लाइट छोटा असेल तर तिला तो एक तर पूर्ण दिसतो, नाही तर नाकाआड पूर्ण दडतो. मधलं काही नाही, म्हणून कड कापलेली. लाइट मोठा असेल तर मुंगी नाकाकडं सरकत जाईल तसा तो आधी पाऊण दिसतो, मग अर्धा, मग पाव. सावली तशीच पायरी-पायरीनं गडद होते. या सगळ्यात लाइटची ताकद किती हा प्रश्न कुठंच आला नाही.

पटत नसेल तर घरातल्या चार फुटी ट्यूबलाइटखाली टेबलापासून वीतभर वर पेन धरा. पेन ट्यूबला समांतर ठेवलं की टेबलावर सावलीची रेघ दिसते. आता ते काटकोनात फिरवा. सावली पसरून जवळजवळ पुसली जाते. ट्यूब तीच, वॉट तेच, अंतर तेच. बदललं एवढंच की आधी पेनाच्या आडवी ट्यूबची दीड इंचाची जाडी होती, आता चार फुटांची लांबी आली. टेबलावरचा उजेड तसूभरही कमी झाला नाही, तरी सावली मऊ झाली. जो पोरगा माझ्याशी वाद घालतो त्याच्या हातात मी आधी पेन देतो.

मग घोटाळा होतो कुठं? आपल्याला दोन्ही गोष्टी कायम जोडीनं दिसतात म्हणून होतो. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, पण तो १५ कोटी किलोमीटरवर असल्यामुळं आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा ठिपका दिसतो. म्हणून ऊन हार्ड. ढग आले की तोच उजेड अख्ख्या आभाळभर पसरतो, उगम एकदम प्रचंड होतो, सावल्या विरघळतात. त्याच वेळी उजेड कमीही होतो. झाडाच्या सावलीत तेच, खिडकीला पांढरा पडदा ओढला की तेच. निसर्गात कमी आणि सॉफ्ट असे हातात हात घालून येतात, म्हणून माणसाच्या डोक्यात पक्कं बसतं की एकामुळं दुसरं होतं. (याच डोक्यानं लोक श्रावणात सिटिंग पुढं ढकलतात. "आज ऊन नाही, फोटो चांगले यायचे नाहीत." अहो, वाईत वर्षातले सगळ्यात देखणे चेहरे मला त्याच दिवसांत मिळतात.)

स्टुडिओत ही जोडी फुटते. तिथं लाइट दूर नेला की कमी होतो आणि हार्ड होतो. जवळ आणला की वाढतो आणि सॉफ्ट होतो. बरोबर उलटं.

हिशेब करून बघा. ६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाइटपुढं बसवायची पांढऱ्या कापडाची पेटी, चेहऱ्यापासून एक मीटरवर आहे. तो तीन मीटरवर नेला तर चेहऱ्याला केवढा दिसेल? एक मीटरवर धरलेल्या २० बाय ३० सेंटिमीटरच्या चौकोनाएवढा, म्हणजे साधारण ए-फोर कागद. एवढे पैसे मोजून, एवढ्या काड्या ताणून बसवलेला सॉफ्टबॉक्स तुम्ही कागदाएवढा करून टाकलात. शिवाय उजेड झाला एक नवमांश, तीन स्टॉपपेक्षा जास्त गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तो भरून काढायला पोरगं आयएसओ चढवणार आणि वर म्हणणार, "सॉफ्ट लाइटमध्ये नॉइज (फोटोतले दाणे) येतोच."

डोळ्यांवर येतोय ना? मग लाइट आहे तिथंच ठेवा आणि ताकद उतरवा. स्वस्तातले बरेचसे स्टुडिओ लाइट पूर्ण ताकदीच्या १/१६ च्या खाली उतरत नाहीत ही खरी अडचण आहे. तिथं फोटो फार उजळ येऊ नये म्हणून ॲपर्चर एफ ८ ला न्या, नाही तर लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, चढवा. फ्लॅशनं दिपत असतील तर खोलीतला साधा दिवा चालू ठेवा, बाहुल्या आधीच लहान झालेल्या असल्या की फ्लॅश कमी बोचतो. पण स्टँड मागं न्यायचं नाही. माझा नियम सोपा आहे: सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून स्वतःच्या लांबीपेक्षा दूर नसावा. फ्रेममध्ये त्याची कड दिसायला लागली की बोटभर मागं घ्यायचा, तीच त्याची जागा.

फडक्याबद्दलही असाच अंधविश्वास आहे. लाइटवर पांढरं कापड टाकलं की सॉफ्ट. कापड बल्बला चिकटून असेल तर उगम बल्बाएवढाच राहिला, फक्त उजेड खाल्ला गेला. तेच कापड बल्बपासून मीटरभर पुढं ताणा, लाइट त्यावर पूर्ण पसरू द्या, मग ते कापडच लाइट होतं. पांढऱ्या चादरीचा जेवढा भाग उजळला तेवढाच तुमचा उगम, हे विसरू नका. सहा फुटी चादरीच्या मध्यात ताटलीएवढा गोल पडला असेल तर तुमच्याकडं ताटलीएवढाच लाइट आहे.

आणि ती फ्लॅशवरची प्लॅस्टिकची टोपी! मंगल कार्यालयात, जिथं स्लॅब खाली आणि भिंती पांढऱ्या, तिथं ती चालते. उजेड चौफेर उडतो आणि भिंतींवरून परत येतो, सॉफ्ट करतात त्या भिंती. उघड्या मैदानात हळदीच्या कार्यक्रमाला तीच टोपी घालून फिरणारे फोटोग्राफर पाहिले की मला हसू आवरत नाही. तिथं परत यायला भिंतच नाही. टोपी मूठभर, लाइट मूठभर, निम्मी बॅटरी आभाळाला वाहिली. जुन्या वाड्यात तर छतावर फ्लॅश मारण्यातही अर्थ नाही, सागवानी तक्तपोशी सगळा उजेड गिळते. नव्या फ्लॅटच्या पोपटी भिंतीवर मारला तर उजेड परत येतो, पण नवरीचे गाल पोपटी घेऊन.

लाइटला लावायची छत्री की सॉफ्टबॉक्स, यावर पोरं तासभर भांडतात. एकाच मापाचे, एकाच अंतरावर असतील तर सॉफ्टपणात डोळ्यांना कळण्यासारखा फरक नसतो. छत्रीतून उजेड खोलीभर सांडतो, सॉफ्टबॉक्सचा आवरता येतो, पुढं जाळी लावली तर आणखी. झालं. रिंगलाइट रील्सवाल्यांसाठी ठेवा.

सॉफ्ट आणि सपाट हेही एक नव्हे. मेणवलीच्या घाटावर प्री-वेडिंगला येणाऱ्या जोड्यांच्या फोटोत ते स्पष्ट कळतं. ढगाळ दिवस, वरून अख्खं आभाळ म्हणजे सॉफ्ट लाइट, तरी डोळ्यांच्या खोबणी काळ्या येतात. कारण पायाखाली काळा पाषाण, तो खालून काहीच परत देत नाही. सावलीची कड मऊ, पोट मात्र गडद. त्यासाठी खालून पांढरं काहीतरी धरावं लागतं. माझ्या गाडीत फ्लेक्सवाल्याकडून कापून आणलेली पांढरी सनपॅक शीट कायम असते. दोन बाजूंना दोन सारखे सॉफ्टबॉक्स लावून चेहरा पासपोर्टसारखा करून टाकणं मला आवडत नाही. एक मोठा लाइट, एका बाजूनं, जवळ. दुसऱ्या बाजूला शीट.

आता कुटुंबाचा फोटो आला की माझाच नियम मला मोडावा लागतो. दिवाळीत पुण्या-मुंबईची सगळी घरी आलेली असतात, आजी मध्ये, दोन्ही बाजूंना लेकी-सुना, जावई मागं. एका टोकाच्या सुनेपासून लाइट एक मीटरवर आणि दुसऱ्या टोकाचा जावई दोन मीटरवर असेल तर जावयावर चौथा हिस्सा उजेड पडतो. पुरता दोन स्टॉपचा फरक. जावयाला अंधारात ठेवून चालत नाही. तोच लाइट चार मीटरवर नेला तर जवळचा चारवर, लांबचा पाचवर, फरक पाऊण स्टॉपच्याही आत. पण चार मीटरवर ६० बाय ९० म्हणजे पुन्हा हार्ड. म्हणून दूर न्यायचा तर मोठा न्यायचा: दीड-दोन मीटरची छत्री, किंवा लाइट उलटा फिरवून मागच्या पांढऱ्या भिंतीवर मारायचा. रांगत्या बाळालाही हेच लागू. लाइट दोन फुटांवर असताना ते वीतभर जरी सरकलं तरी उजेड बदलतो आणि बाळ काही खुणेवर थांबत नाही. बाळाच्या सिटिंगला मी वेळ देत नाही. झोप झाली, पोट भरलं की फोन करा म्हणतो. दुपारी बाराचा मुहूर्त धरून पेंगुळलेलं पोर घेऊन येणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवतो.

घरगुती फोटोसाठी खरं तर सोप्यासारखी, म्हणजे घराच्या पुढच्या दाराच्या खोलीसारखी, जागा नाही. उंबऱ्याच्या आत हातभर माणसाला बसवा, दार सताड उघडा, समोरचं आभाळ आणि अंगण मिळून दाराएवढा लाइट तयार. मात्र खोलीच्या मागच्या भिंतीपाशी बसवू नका, तिथून दार लहान दिसतं, तोच ए-फोरचा हिशेब. उत्तरेची खिडकी उत्तम, असं युरोपातली पुस्तकं सांगतात. तिथं ते बऱ्यापैकी खरं. वाई साधारण १८ अंशांवर आहे, मेच्या मध्याच्या आसपास सूर्य डोक्यावरून उत्तरेकडं सरकतो तो जुलैच्या अखेरीस परततो. या काळात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन थेट उत्तरेच्या खिडकीतून आत येतं. जून-जुलैला ढग असतात म्हणून निभावतं. मेच्या उत्तरार्धात, ऐन लग्नसराईत, पडदा लावावा लागतो.

मोठ्या लाइटचा एक खर्च आहे, चष्मा. उगम जितका मोठा तितकी काचेत त्याची चकाकी सापडण्याची शक्यता जास्त. आजोबांना चष्मा काढायला लावू नका, घरातली माणसंच म्हणतील हे कोण. लाइट वर चढवा, चष्म्याच्या काड्या कानावर थोड्या उचला, काचा खाली झुकतात आणि चकाकी निघून जाते.

आणि हार्ड लाइट वाईट असतो असं मी कुठंही म्हटलं नाही. रंगपंचमीला बावधनच्या बगाडात भर उन्हात गुलालानं माखलेले चेहरे बघा, तिथं सॉफ्टबॉक्स लावणं हा गुन्हा आहे. पैठणीची जर, नथीचे मोती, सुरकुत्यांनी भरलेला शेतकऱ्याचा चेहरा यांना छोटा, तिरपा लाइटच बोलतं करतो. फक्त तो ठरवून लावा. सॉफ्टबॉक्स काढून ठेवा, लाइटवर साधी वाटी (धातूचा छोटा रिफ्लेक्टर) चढवा, स्टँड दूर न्या. तेव्हा मागं नेलेलं मला चालतं.