क्वेरीचा निकाल फाइलमध्ये हवाय? अर्ज करण्याआधी हे वाचा

डेटाबेसमधून सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर फाइल) काढायची परवानगी मागणारे अर्ज डीबीएकडे, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे, सारखे येतात आणि सारखे परत जातात. यातल्या बहुतेकांना त्या परवानगीची गरजच नसते. पण ते सांगायचे कष्ट कोण घेणार? ‘सुपरयूझर मिळणार नाही’ (म्हणजे सगळे हक्क असलेलं खातं) एवढं लिहून तिकीट बंद.

तेव्हा आधी हे ठरवा: फाइल सर्व्हरवर (डेटाबेस जिथे चालतो त्या मशीनवर) हवी आहे की तुमच्या मशीनवर? पुढची वाट डेटाबेसनुसार बदलते, इथे पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे दोन घेतलेत.

पोस्टग्रेस. साधी ‘कॉपी टू’ आज्ञा दिली की फाइल सर्व्हर लिहितो, स्वतःच्या डिस्कवर आणि स्वतःच्या ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) युजरच्या हक्काने. तुमचा लॅपटॉप त्याला दिसत नाही. सर्व्हर लिनक्सवर असताना सी ड्राइव्हचा पाथ दिलात, तर हक्क असूनही ‘रिलेटिव्ह पाथ चालत नाही’ असं उत्तर येतं, कारण तिरक्या रेघेने सुरू न होणारा पाथ त्याच्या लेखी अपुराच.

यासाठी पात्र कोण? सुपरयूझर, किंवा आवृत्ती 11 पासून ‘पीजी_राइट_सर्व्हर_फाइल्स’ हा रोल (हक्कांचा गट) ज्याला दिलाय तो. हा रोल मिळालेला माणूस सर्व्हर प्रोसेसला जिथे लिहिता येतं तिथे काहीही लिहू शकतो, डेटाबेसच्या स्वतःच्या फाइलींवरसुद्धा. म्हणून नकार येतो, आणि तो योग्यच आहे.

तुमच्या मशीनवर फाइल हवी असेल तर पीएसक्यूएलमधली (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन प्रोग्राममधली) ‘बॅकस्लॅश कॉपी’ वापरा. टेबलावर सिलेक्टचा (वाचायचा) हक्क आणि स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायची मुभा, बास. नकाराच्या एररखाली ‘हिंट’ म्हणून हेच छापलेलं असतं, पण लोक पहिल्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून तिकिटाला जोडतात! अडतं ते दोन ठिकाणी. एक, अख्खी आज्ञा एकाच ओळीत लागते. मधे एंटर मारलात की संपलं. क्वेरी लांबलचक असेल तर तिचा तात्पुरता व्ह्यू (नाव देऊन ठेवलेली क्वेरी) करून घ्या. दोन, ही आज्ञा पीएसक्यूएलची आहे, सर्व्हरची नाही. पीजीअ‍ॅडमिन या पोस्टग्रेसच्या ग्राफिकल प्रोग्रामच्या क्वेरी खिडकीत किंवा जावा कोडमध्ये ती टाकली की सिंटॅक्स एरर ठरलेला. पीजीअ‍ॅडमिनमध्ये निकाल उतरवून घ्यायचं बटण आहे, ते दाबा.

मायएसक्यूएल. इथे ‘इन्टू आउटफाइल’ कायम सर्व्हरवरच लिहितं. ‘लोड डेटा’ला (फाइलमधून डेटा आत घेणाऱ्या आज्ञेला) जोडता येणारा ‘लोकल’ शब्द इथे चालत नाही, उगाच प्रयत्न करू नका. ‘फाइल’ हा हक्क लागतो आणि तो अख्ख्या सर्व्हरचा असतो. ‘माझ्याकडे या डेटाबेसवर सगळे हक्क आहेत’ म्हणणाऱ्यांचे अर्ज इथेच अडकतात, कारण त्या ‘सगळ्यां’त हा येत नाही.

हक्क मिळाला तरी 1290 नंबरचा एरर वाट बघत असतो. ‘सिक्युअर फाइल प्रिव्ह’मध्ये नेमून दिलेल्या फोल्डरबाहेर लिहिता येत नाही, आणि ते सेटिंग चालू सर्व्हरवर बदलत नाही, कॉन्फिग बदलून रीस्टार्ट लागतो. त्यातूनही फाइल झालीच, तर आवृत्ती 8.0.17 पासून ती सर्व्हरचा ओएस युजर आणि त्याच्या ग्रुपलाच वाचता येते. म्हणजे फाइल आहे, पण उघडत नाही. त्याच नावाची फाइल आधी असेल तर मायएसक्यूएल नकार देतं. पोस्टग्रेस मात्र निमूटपणे जुनीवर लिहितं, सांभाळा.

सोपी वाट अशी: तुमच्या मशीनवरचा मायएसक्यूएल क्लायंट (कमांड-लाइन प्रोग्राम) ‘बॅच’ पर्यायासह चालवून निकाल फाइलकडे वळवा. फक्त त्यात स्वल्पविरामाऐवजी टॅब असतो आणि रिकाम्या किमतीच्या जागी ‘नल’ हा शब्द छापला जातो.

अ‍ॅमेझॉन आरडीएससारख्या क्लाउडवरच्या डेटाबेस सेवेत सर्व्हरच्या डिस्कवर ग्राहकाला जाताच येत नाही. तिथे क्लायंटकडूनच काढा.

खरोखर सर्व्हरवरच फाइल हवी असेल, समजा तिथलाच दुसरा प्रोग्राम ती रात्री उचलणार आहे, तर अर्जात चार गोष्टी लिहा: सर्व्हरवरचा पूर्ण पाथ, फाइल कोण वाचणार, किती वेळा लिहिली जाणार, जुनी कोण पुसणार. रोल मागू नका. पोस्टग्रेस असेल तर ठरलेल्या पाथवर लिहिणारं ‘सिक्युरिटी डिफायनर’ फंक्शन (चालवणाऱ्याच्या नव्हे, मालकाच्या हक्काने चालणारं) करून मागा. द्यायला डीबीए कचरत नाही.

फाइल हातात आल्यावर एक्सेलमध्ये मराठी नावांचा कचरा दिसला तर पुन्हा तिकीट टाकू नका. डबल क्लिक न करता ‘डेटा’ टॅबमधून टेक्स्ट फाइल आयात करा आणि एन्कोडिंगमध्ये 65001, म्हणजे यूटीएफ-8, निवडा.