ओढलेली गाडी वेगळी, टोटल लॉसची वेगळी

पानठेल्यावर कोणी ‘लिलावात गाडी घेतली’ असं सांगितलं की मी आधी विचारतो, कोणाच्या लिलावात? बहुतेकांकडे उत्तर नसतं. ‘नागपूरच्या यार्डातून उचलली’ एवढंच माहीत असतं. यार्ड एकच, कुंपण एकच, गेटवरचा चौकीदारही एकच. पण आत एका रांगेत फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्या उभ्या असतात आणि दुसऱ्या रांगेत विमा कंपन्यांच्या टोटल लॉसच्या. दोन्हींवर चुन्यानं लॉट नंबर लिहिलेला, दोन्हींवर सारखीच धूळ. दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती आले की गावोगावचे पोट्टे मोबाइलवर बोल्या लावत बसतात आणि पोळ्याच्या सुमारास आमच्यासारख्यांकडे आरटीओच्या कामासाठी येतात. तोवर पैसेही भरलेले असतात आणि डेंटिंग-पेंटिंगही झालेलं असतं.

ओढलेल्या गाडीबद्दल फार लिहीत नाही. ट्रॅक्टर किंवा बोलेरो ओढून नेलेलं एखादं तरी घर प्रत्येक गावात असतं. हप्ते थकले, गाडी गेली, कंपनीनं लिलावात काढली. तिची नोंदणी जिवंत असते, गाठ असते ती फक्त कर्जाची. मालक सही द्यायला तयार नसेल तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार फायनान्स कंपनी नमुना ३६ भरून आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, स्वतःच्या नावावर करून घेऊ शकते. म्हणजे विकणाऱ्याच्या हातात मालकी आणण्याचा रस्ता कायद्यातच आहे. तुम्हाला नाव बदलण्यासाठी सह्या झालेले नमुने २९ आणि ३० हवेत, आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ हवा. बाकी खोड्या नेहमीच्याच. बॅटरी मेलेली, टायर एका जागी बसून चपटे झालेले, स्टेपनी आणि टेप आधीच्या मालकानं काढून घेतलेले, चालान थकलेले, पिकअप असेल तर कर राहिलेला, विमा संपलेला. हे सगळं पैसे मोजून सुटतं. पुढे जाऊ.

टोटल लॉस हे नाव ऐकलं की लोकांच्या डोळ्यापुढे चुरगळलेला पत्रा येतो. कायम तसं नसतं. विम्याच्या कागदावर गाडीची एक किंमत लिहिलेली असते, आयडीव्ही. गाडी उचलून आणून दुरुस्त करण्याचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही, ती टोटल लॉस धरून मालकाला पैसे देते आणि भंगार लिलावात काढते. आयडीव्ही वयाबरोबर उतरते. विमा घेताना आठ लाखांची गाडी साडेचार वर्षांची असली की घसारा ५० टक्के, म्हणजे आयडीव्ही चार लाख. तीन लाखांच्या वर एस्टिमेट निघालं की ती टोटल लॉसमध्ये गेली. रात्री दारव्ह्याच्या रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा आला, बोनेट, रेडिएटर, दोन्ही हेडलाइट आणि समोरची काच गेली, दोन एअरबॅग फुटल्या, डॅशबोर्ड फाटला. शोरूमच्या दरानं नवे भाग आणि मजुरी लावली की एवढ्यात तीन लाख ओलांडतात. विमा घेताना तीच गाडी दहा महिन्यांची असती तर घसारा १५ टक्के, आयडीव्ही ६ लाख ८० हजार, आणि टोटल लॉस व्हायला ५ लाख १० हजारांच्या वर नुकसान लागलं असतं.

म्हणून टोटल लॉसच्या नावानं नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. उलट माझी आवड ठरलेली आहे: जुनी गाडी, हलका मार. आपला डेंटर शोरूमच्या निम्म्यात ती उभी करतो. नवी कोरी दिसते, मॉडेल ताजं आहे, म्हणून टोटल लॉसची गाडी घेणाऱ्यानं एवढंच पाहावं की इतक्या नव्या गाडीला टोटल लॉस करायला केवढा मार बसला असेल.

इथपर्यंत लोक समजून घेतात. घोळ होतो तो पुढे, कागदांत.

विमा कंपनी मालकाला पैसे देते, भंगार ताब्यात घेते, पण आरसी स्वतःच्या नावावर करत नाही. आरसीवर नाव राहतं ज्याची गाडी ठोकली गेली त्याचंच. फायनान्सवाल्याला नमुना ३६ आहे, विमा कंपनीला तसली वाट नाही. तिनं भरपाई देताना मालकाकडून कोऱ्या नमुन्यांवर ज्या सह्या घेतल्या असतील, त्याच तुमच्या हाती येतात. त्यातली एक राहिली किंवा सही जुळली नाही तर तुम्ही कंपनीकडे जाता, कंपनी म्हणते मालकाला भेटा, आणि मालक म्हणतो माझा क्लेम कधीच मिटला, आता मला फोन करू नका. नाव बदलताना आता ओटीपीही त्याच्याच मोबाइलवर जातो. अपघातात तोच गेला असेल तर वारसांना आधी नमुना ३१ नं गाडी आपल्या नावावर करावी लागते, त्यानंतर तुमचा नंबर. लिलावाची पावती दाखवून यातलं काहीही टळत नाही.

तरीही हा झाला बरा प्रकार, ‘आरसीसह’ लॉट. आता लॉटच्या यादीत जिथे ‘आरसीविना’ लिहिलेलं असतं तिथे या. या एका शब्दामागे दोन अगदी निराळ्या गाड्या असतात, आणि जिल्ह्यातल्या गॅरेजांमागे गवतात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या तिथे पोचल्या त्या हा फरक न केल्यामुळे.

एक, आरसीचं कार्ड हरवलंय, जळालंय, मालकानं दिलेलं नाही. नोंदणी मात्र आरटीओच्या दप्तरात जशीच्या तशी आहे. दुसरी, नोंदणीच रद्द झाली आहे. कलम ५५ म्हणतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवावं, आरसी जमा करावी, आणि आरटीओनं नोंदणी रद्द करावी. बऱ्याच विमा कंपन्या तर भरपाईचा चेक देण्याआधी मालकाला हे करूनच यायला सांगतात. अशा गाडीला आता नंबर नाही. पाटीवर एमएच २९ लिहिलेलं असेल, पण ते अक्षरच.

दलाल या दोन्ही गाड्यांना एकच औषध देतो. ‘भाऊ, आरसी नसली त काय झालं? डुप्लिकेट निघते न! तुम्ही कायले टेन्शन घेता?’ डुप्लिकेट निघते, खरंच निघते, नमुना २६ वर. पण ती हरवलेल्या कार्डाची निघते, रद्द झालेल्या नोंदणीची निघत नाही. मेलेल्या माणसाच्या रेशनकार्डाची दुसरी प्रत काढून धान्य मागण्यातला हा प्रकार आहे. आणि पहिल्या प्रकारातसुद्धा नमुना २६ चा अर्ज करायचा असतो नोंदलेल्या मालकानं. तुम्ही नाही, दलालही नाही. म्हणजे पुन्हा तोच माणूस, ज्याचा क्लेम कधीच मिटला.

नोंदणी रद्द झालेली गाडी कितीही सुंदर उभी केली, नव्या एअरबॅग टाकल्या, कंपनीचा रंग मारला, तरी तिच्यावर नमुना २९-३० चालत नाहीत, विमा निघत नाही, पीयूसी होत नाही. शेतात फिरवू म्हणणारे भेटतात. शेतात जायला गावचा रस्ता लागतो आणि तोही सार्वजनिकच आहे. असा लॉट घ्यायचा तर इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे, सीट यांच्यासाठी घ्यावा, आणि बोलीही भंगाराच्या भावाचीच लावावी. ‘आरसीसह’ गाडीपेक्षा तो निम्म्यात मिळतोय याचा अर्थ तुमचं नशीब उघडलं असा नाही. यार्डातल्या बाकी खरेदीदारांना काय विकलं जातंय ते माहीत आहे, एवढाच आहे.

तपासणं अवघड नाही, म्हणून तर जास्त चीड येते. लॉटच्या फोटोत नंबर दिसतो. एमपरिवहन ॲपमध्ये तो टाकायचा आणि आरसीची स्थिती पाहायची: ‘ॲक्टिव्ह’ आहे की ‘कॅन्सल्ड’. तिथेच बोजा दिसतो, ब्लॅकलिस्ट असेल तर तेही दिसतं. बोली लावण्याआधी पाहा आणि पैसे भरायच्या सकाळी पुन्हा पाहा, कारण मधल्या दिवसांत मालकाचा रद्द करण्याचा अर्ज मंजूर झालेला असू शकतो. लॉटच्या अटींत ‘फक्त भंगार म्हणून विक्री’ असं असेल तर ॲपमध्ये आज काहीही दिसो, ती गाडी रस्त्यावर आणायचा विचार सोडा.

नोंदणी रद्द करण्यावर एवढा जोर का, हेही माहीत असावं. साफ चेंदामेंदा झालेल्या गाडीची आरसी जिवंत ठेवून कोणी चढ्या भावानं घेत असेल तर त्याला बहुधा पत्रा नको असतो, गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर हवा असतो. त्याच रंगाची, त्याच मॉडेलची चोरीची गाडी आणायची, तिच्यावरचा नंबर कापायचा आणि हा वेल्डिंगनं बसवायचा. ‘टोटल लॉसमधून बनवली’ म्हणून चौकात विकायला येणाऱ्या गाड्यांत अशाही असतात. म्हणून बनवलेली गाडी घेताना आधी चेसिस नंबराभोवतीचा पत्रा बघायचा. वेल्डिंगची रेघ, अक्षरांचा वाकडा ठसा, तेवढ्याच तुकड्यावर जाड रंग, यातलं काही दिसलं की चहा पिऊन घरी यायचं. आरटीओत पेन्सिलची छाप घेतात तेव्हा हे निघतंच, आणि मग प्रश्न तुम्हाला विचारले जातात.

नमुना ३२ बद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो सरकारनं किंवा सरकारच्या वतीनं केलेल्या लिलावाचा नमुना आहे, पोलीस ठाण्याच्या आवारातल्या गाड्यांसारख्या लिलावाचा. खासगी लिलावाच्या पावतीला तो टाचून आरटीओच्या खिडकीवर भांडू नका, तिथला बाबू बरोबर असतो.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो, कारण गाडी ओळखणाऱ्याला ते सांगावं लागत नाही आणि न ओळखणाऱ्यानं डेंटर सोबत न्यावा. समोरून किंवा कोपऱ्यावर मार, एप्रन (चाकावरचा आतला पत्रा) आणि पिलर (छत धरणारे खांब) सरळ: घ्या. पिलर दबलेला किंवा छत कापून जोडायची वेळ आलेली: सोडा. आणि पाण्यात बुडालेली गाडी मला फुकटातही नको. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडून नागपुरात पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमध्ये उभ्या गाड्या बुडाल्या. अशा गाडीला एक ओरखडा नसतो, म्हणून फोटोत ती सगळ्यात देखणी दिसते आणि बोली चढत जाते. तिचा रोग वायरिंगमध्ये असतो आणि तो पहिल्या पावसात बाहेर येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज पाहा.

एअरबॅगच्या दिव्याची चलाखीही थांबायला हवी. फुटलेल्या एअरबॅगच्या जागी रेझिस्टन्स जोडून दिवा विझवतात, डॅशबोर्ड शिवून घेतात आणि ‘सगळं ओके’ म्हणून गाडी देतात. चावी फिरवल्यावर तो दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. अजिबात लागलाच नाही तर तो बहुधा मुद्दाम काढून टाकलेला आहे. लागून विझला तरी नव्या एअरबॅगचं बिल मागा, कारण रेझिस्टन्सवालाही दिवा तसाच विझवतो. ज्या गाडीत बायका-पोरं बसणार तिथे मी या कामाला हात लावत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

विम्यातही दोन गाड्यांचा फरक पडतो. ओढलेल्या गाडीची पॉलिसी चुकून चालू असेल तर ती तुमच्या नावावर करता येते. टोटल लॉसच्या गाडीची पॉलिसी क्लेमबरोबरच संपलेली असते. नवीन काढावी लागते, आधी गाडीची तपासणी होते, आणि तपासणाऱ्याला जुना क्लेम संगणकावर दिसतो. लपवू नका, बिलं आणि दुरुस्तीआधीचे फोटो जपून ठेवा.

आदिलाबाद, छिंदवाडा, राजनांदगाव आपल्याला जवळचे म्हणून तिकडच्या नंबराचे लॉट स्वस्त वाटतात. त्यांना नमुना २८ ची एनओसी लागते, ती मूळ आरटीओकडून मूळ मालकाच्या नावानं निघते, आणि इथे आल्यावर महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. टोचन करून आणण्याचं भाडं वेगळं. एवढं धरूनही परवडत असेल तर घ्या.

नाव मात्र ३० दिवसांत बदलायला टाका, गाडी अजून डेंटरकडे असली तरी. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. त्यामुळे ज्याची गाडी टोटल लॉस झाली त्या कास्तकारानंही चेक मिळाला म्हणून गप्प बसू नये. भंगार कोणाला गेलं ते विमा कंपनीकडून लेखी घ्यावं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी आपला जुना नंबर ॲपमध्ये टाकून पाहावा. अजूनही आपलंच नाव दिसत असेल तर ते पत्र घेऊन आरटीओत जावं.