टाकी गळते खालून, खोट असते वर

ई-सिगारेटची टाकी गळायला लागली की माणूस आधी भोक शोधतो. काच तडकली का, बूड सैल झालं का, हे बघायला हवंच. पण टाकीच्या तळाशी वाट असतेच, आणि ती मुद्दाम ठेवलेली असते. तिथे कॉइल बसते, म्हणजे कापसातलं लिक्विड तापवून त्याची वाफ करणारा भाग. कापसाला लिक्विड मिळावं म्हणून कॉइलच्या अंगाला खिडक्या असतात आणि कॉइलच्या खालून हवा आत येते. म्हणजे लिक्विड आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये काय, तर फक्त ओला कापूस. मग एरवी ते गळत का नाही?

एक तर कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटी केशाकर्षणाने द्रव धरून ठेवतात. दुसरं म्हणजे, टाकीत वर अडकलेल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. सरबताची नळी वरून बोटाने बंद करून उचलली की आतलं सरबत पडत नाही, तसंच हे. बोट जरा सरकलं की धार सुटते.

हा फरक किती नाजूक आहे ते बघा. 2 सेंटिमीटर उंचीचं लिक्विड तोलून धरायला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 0.2 टक्के इतकाच फरक लागतो. बंदिस्त हवा मात्र नुसती 1 अंश सेल्सिअसने तापली तरी तिचा दाब 0.3 टक्क्यांहून जास्त वाढतो. खिशातली ऊबही पुरते! कापूस बराचसा भार झेलतो म्हणून निभावतं. जे निसटतं ते थोडंच असतं, कारण थेंबभर बाहेर गेलं की आतल्या हवेला जागा मिळते, दाब उतरतो आणि गळती आपोआप थांबते. कधी गळते, कधी नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

गळती थांबतच नसेल, तर बहुधा वरून हवा शिरते आहे. तेव्हा खालची ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारी रबरी कडी, बदलण्याआधी काचेच्या वरच्या कडेची आणि भरायच्या झाकणाची रिंग तपासावी. कोरडी रिंग झाकण फिरवताना मुरडते, म्हणून तिला लिक्विडचं बोट लावून मग बसवावी. झाकण हाताने बसेल इतकंच आवळायचं. जोर लावला की रिंग चेपते आणि फट पडते. टाकी प्लॅस्टिकची असेल तर दालचिनीच्या किंवा लिंबूवर्गीय स्वादांनी तिला बारीक तडे जाऊ शकतात, आणि ते उजेडात धरल्याशिवाय दिसत नाहीत.

कॉइल बुडणं हा वेगळा प्रकार. तळ कोरडा असतो, पण ओढताना गुडगुड आवाज येतो आणि गरम थेंब जिभेवर उडतात. कॉइल जितकं लिक्विड उडवते त्याहून जास्त तिच्यात शिरतं आहे, एवढाच याचा अर्थ. जोरात ओढलं की कॉइलमधून तोंडाकडे जाणाऱ्या नळीतला दाब आणखी घटतो आणि लिक्विड कापसातून आत खेचलं जातं. बटण न दाबता ओढत राहिलं तर तेच, आणि कॉइलवर लिहिलेल्या पल्ल्यापेक्षा वॉट कमी ठेवले तरी तेच. उपाय सोपा: टाकी बॅटरीवरून काढा, हवेच्या छिद्रांना टिश्यू गुंडाळा आणि माउथपीसमधून हळू फुंका. मग बॅटरीचा जोड कोरडा पुसा. नंतर वॉट त्या पल्ल्यात आणा आणि सावकाश ओढा. एवढं करूनही गुडगुड राहिली तर कापूस जुना झालाय, कॉइल बदला.

गळती खरी की भास, हेही पारखता येतं. टाकी पुसून, भरून, पांढऱ्या टिश्यूवर काही तास उभी ठेवा आणि तिला हात लावू नका. टिश्यू ओला झाला तर गळती. कोरडा राहिला, पण वापरल्यावर तळाशी ओल दिसली, तर ती नळीत थंड होऊन जमलेली वाफ असू शकते. ती पुसली की झालं.

वरून भरायच्या टाकीत झाकण उघडताच तो नाजूक दाब नाहीसा होतो. म्हणून भरताना हवेची छिद्रं बंद ठेवावीत. झाकण लावताना आतली हवा दाबली जाते, तेव्हा टाकी क्षणभर उलटी धरून मगच छिद्रं उघडावीत. मधल्या नळीत थेंबही पडू देऊ नये.

लिक्विडची जातही बघावी लागते, कारण ते मुख्यतः ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल या दोन द्रवांचं मिश्रण असतं. 20 अंशांना ग्लिसरीन पाण्याच्या सुमारे 1400 पट घट्ट असतं, प्रॉपिलीन ग्लायकॉल जेमतेम 50-60 पट. मोठ्या खिडक्यांची कॉइल घट्ट लिक्विडसाठी असते. तिच्यात पातळ घातलं तर ती बुडणारच. आणि 40 अंशांना ग्लिसरीनचा घट्टपणा पाचव्या हिश्शावर येतो, म्हणजे उन्हात ठेवलेल्या टाकीत हवा फुगते ती फुगते, वर लिक्विडही पातळ होतं.

गळलेलं लिक्विड नुसतं चिकट समजू नये. त्यात निकोटिन असेल तर ते त्वचेतून शरीरात जातं. हात लगेच साबणाने धुवावेत. लहान मुलाच्या पोटात गेलं तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

विमानात मात्र चांगली टाकीही गळते. केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो, त्यामुळे अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. टाकीत 2 मिलिलिटर हवा असेल तर अर्ध्या मिलिलिटरहून जास्त लिक्विड बाहेर ढकललं जाऊ शकतं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर फुगायला हवाच नसते. सगळ्यात वाईट अर्धी टाकी, आणि सगळ्यात बरी रिकामी.