काकांची गोळी, सर्पगंधेची मुळी आणि मेंदूतले निरोप

आमच्या इंदूरच्या घरी पोहे साडेसातला तयार असतात पण काका ते आठ वाजता खातात, कारण साडेसातला त्यांची लेवोडोपाची गोळी असते आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की आधी गोळी, खाणं नंतर. कंपवाताला, म्हणजे पार्किन्सनला, आता सहा वर्षं झाली. गोळी चढली की शर्टाची बटणं स्वतः लावतात, दुपारी उतरली की उंबऱ्यापाशी पाय अडकतो तो अडकतोच. परवा माझ्या पुतण्याने विचारलं की मेंदूत तर सगळा करंट असतो ना, मग गोळीने काय होतं? सांगायला बसलो आणि गोष्ट फिरून फिरून सियागंजात आली, जिथे काकांनी तीस वर्षं किराणा-जडीबुटीच्या पेढीवर नोकरी केली. म्हणून लिहून काढतोय.

पुतण्याचं अगदीच चुकलं नव्हतं. गॅल्व्हानीने १७९१ मध्ये बेडकाच्या पायावरचे प्रयोग छापले तेव्हापासून नस म्हणजे वायर असंच डोक्यात बसलं होतं. पुढे स्पेनच्या काहालने मायक्रोस्कोपखाली दाखवलं की मज्जापेशी एकमेकींना जोडलेल्या नाहीत, सुट्या आहेत, आणि १८९७ मध्ये शेरिंग्टनने त्या सांध्याला सिनॅप्स नाव दिलं. मधली फट साधारण २० नॅनोमीटरची. मग निरोप पलीकडे जातो कसा? एक पार्टी म्हणे ठिणगी उडते, दुसरी म्हणे रसायन सुटतं, आणि हे भांडण पुढे कितीतरी वर्षं चाललं.

ऑस्ट्रियात ग्राझ गावी ओटो लोवी नावाचे प्राध्यापक होते, त्यांना रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, झोपेतच कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडलं तेव्हा मात्र उठून थेट लॅबमध्ये. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाची व्हेगस नस (मेंदूतून हृदयाकडे येणारी) उत्तेजित केली, ते मंद झालं, त्याच्या भोवतीचं पाणी काढून दुसऱ्याला दिलं तर तेही मंद! म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. हे १९२१ मध्ये छापून आलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन, आणि १९३६ चं नोबेल लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना मिळून मिळालं.

पण ते हृदयाचं झालं. मेंदूत नाही, मेंदूला एवढा वेळ कुठे, तिथे ठिणगीच, असं ठिणगीवाल्यांचे पुढारी जॉन एकल्स ठणकावून सांगायचे. मग १९५१ मध्ये त्यांनीच न्यूझीलंडला मांजराच्या मज्जारज्जूतल्या पेशीत बारीक काचेची नळी घातली आणि व्होल्टेज त्यांच्या थिअरीच्या बरोब्बर उलट दिशेला गेलं. गडी मोकळ्या मनाचा, सरळ पार्टी बदलली. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सगळ्यात आवडतो. आपल्याकडे सराफ्यातला वादसुद्धा असा मिटत नाही.

तर पेशी फायर होते म्हणजे काय, तर आराम करत असताना आत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतं. समोरून आलेल्या रसायनाने सोडियमची दारं उघडली तर आकडा वर सरकतो, उणे ५५ च्या जवळ गेला की पेशी फायर होते, म्हणजे विजेचा झटका पुढे सोडते. क्लोराइडची दारं उघडली तर ती गप्प बसते. ढकलायचं काम मुख्यतः ग्लुटामेट करतं, थांबवायचं गाबा. हा झाला पटकन निरोप. डोपामिनसारखी मंडळी वेगळी, ती मेंदूच्या एका भागातून निघून दुसऱ्या भागातल्या पेशींची तयारीच कमीजास्त करतात, रेडिओचं स्टेशन तेच ठेवून आवाज फिरवावा तसं.

आता सर्पगंधा. हिची मुळी आपल्याकडे वेड लागलेल्यांना आणि झोपेसाठी देत आलेत. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लिहिलं, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्लडप्रेशरसाठी तिचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि मग सगळ्या जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये सीबा कंपनीच्या लोकांनी त्यातून रेझर्पिन वेगळं काढलं. आपल्या इंदूरच्या कृषी कॉलेजनेही हिची आरएस-१ नावाची जात काढली हे किती इंदूरवाल्यांना माहितीये देव जाणे.

गंमत अशी की रेझर्पिन घेणाऱ्या काही लोकांचं प्रेशर उतरायचं पण माणूस उदास व्हायचा, कधी हात थरथरायला लागायचे, चाल बिघडायची, म्हणजे थेट कंपवातासारखं. का? पेशीत ही रसायनं छोट्या पिशव्यांत भरलेली असतात, रेझर्पिन पिशवी भरणारा पंपच बंद करतं, बाहेर राहिलेलं रसायन एन्झाइम फोडून टाकतं, गोदाम रिकामं.

स्वीडनच्या आर्विद कार्लसनने १९५७ मध्ये सशांना रेझर्पिन दिलं, ससे कान पाडून पुतळ्यासारखे बसले. मग त्यांना एल-डोपा (म्हणजे काकांची लेवोडोपाच) टोचलं, ज्याचं शरीरात डोपामिन होतं, आणि थोड्याच वेळात ससे कान उभे करून हिंडायला लागले. तोपर्यंत डोपामिन म्हणजे नॉरॲड्रिनलिन हे दुसरं निरोपाचं रसायन बनताना मधे येणारा कच्चा माल, बस. १९६० मध्ये लंडनच्या बैठकीत कार्लसनने मांडलं की डोपामिन स्वतःच निरोप नेतं, तर जुन्या दिग्गजांना पटेना, आणि त्यात तेच हेन्री डेल, निरोप रसायनाने जातो यासाठी नोबेल घेतलेले! कार्लसनला नोबेल मिळालं २००० मध्ये.

त्याच १९६० मध्ये व्हिएन्नात होर्निकिव्हिच आणि एरिंगर यांनी कंपवाताने गेलेल्या लोकांचे मेंदू तपासले. मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम भागाच्या अर्कात आयोडीन घातलं की निरोग्याचा नमुना गुलाबी व्हायचा, यांचा जवळजवळ नाहीच, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका फरक. खालच्या काळ्या पट्ट्यातल्या, म्हणजे सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या पेशी मेल्या की स्ट्रायटमला डोपामिन पोचत नाही. तिथे दोन तऱ्हेच्या पेशी, डोपामिन पकडायची कुलपं वेगवेगळी, डी१ आणि डी२; डी१ वाल्या डोपामिन आलं की फायर व्हायला जास्त तयार आणि त्या हालचाल मोकळी करतात, डी२ वाल्या उलट शांत होतात आणि त्यांचं काम ब्रेकचं. डोपामिन नाही म्हणजे ॲक्सिलरेटर ढिला आणि ब्रेक दाबलेला, उंबऱ्यापाशी जे होतं ते हेच. १९६१ मध्ये बिर्कमायरने पेशंटना एल-डोपाची इंजेक्शनं दिली तर हालचाल सुधारली पण परिणाम थोडाच वेळ टिकायचा, १९६७ मध्ये अमेरिकेत कोत्सियासने हळूहळू डोस वाढवत तोंडावाटे दिलं तेव्हा कुठे हे रोजचं औषध झालं.

आणि एल-डोपा आपल्याकडे काही नवीन नव्हतं. खाजकुयलीच्या, ज्याला सियागंजात सगळे कौंच म्हणतात, त्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते वेगळं काढलं होतं, सशांच्या वीस वर्षं आधी. (बिया आणून कुटून खाऊ नका हां, डोस कळत नाही त्यात.) काका म्हणाले की पेढीवर सर्पगंधा आणि कौंच शेजारशेजारच्या पोत्यांत असायचे, एक गोदाम रिकामं करणारं, एक भरणारं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कौंच हल्ली काय भावाने जातं रे?" मला माहीत नव्हतं. तोवर आठ वाजले आणि पोहे आले.