कागदी क्रौंचांची माळ

गंभीर आजारी माणसाला दिलासा म्हणून इतरांनी कागदाचे क्रौंच पक्षी घडवायचे, दोऱ्यात ओवायचे आणि त्याच्याकडे पाठवायचे, अशी ही प्रथा. मूळ जपानी. हजार पक्ष्यांच्या माळेला तिथे ‘सेन्बाझुरु’ म्हणतात. बहुधा ४० पक्ष्यांचा एक असे २५ सर एकत्र बांधतात. क्रौंच हजार वर्षे जगतो ही तिथली लोकसमजूत, त्यावरून हा आकडा आला. हजार घडवले की मागणे पुरे होते, अशी श्रद्धा.

आजारपणाशी या पक्ष्याचे नाते जगभर पोचले ते सादाको सासाकीमुळे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले. रुग्णालयात नागोयाहून आलेले कागदी पक्षी पाहून तीही घडवू लागली. कागद मिळेना तेव्हा तिने औषधांच्या पुड्यांचे कागद वापरले. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला ती गेली. ६४४ पक्षी झाले आणि बाकीचे राहून गेले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्या भावाने मात्र तिने हजाराहून अधिक केले होते असे सांगितले आहे. हा फरक किरकोळ नाही. हजार पुरे करूनही ती वाचली नाही. म्हणून या माळेला उपचाराच्या जागी बसवू नये, आणि ‘आता तू बरा होणारच’ असे सांगत ती आजाऱ्याच्या हाती तर मुळीच देऊ नये. हिरोशिमात ५ मे १९५८ रोजी उभ्या राहिलेल्या मुलांच्या शांतिस्मारकाकडे आजही दरवर्षी सुमारे १ कोटी कागदी क्रौंच येतात.

कोकणात ही प्रथा उपयोगी पडण्यासारखी आहे ती अंतरामुळे. चिपळूणजवळ डेरवणला कर्करोगावर उपचार होतात, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बरेच रुग्ण मुंबईचीच वाट धरतात. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासूनचे. भोवतालच्या गिरणगावात कोकणातल्या गावांच्या सामाईक खोल्या असत, त्यामुळे ओळखीचे माणूस जवळपास असे. रुग्णासोबत घरातले एक-दोघे जातात. म्हातारी आई, शेजारी, मुलांचा वर्ग मागे राहतो. गावात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात, नवस बोलतात, रोज फोन करतात. पण केमो महिनोन्‌महिने चालते, आणि मागे राहिलेल्यांना करण्यासारखे काही उरत नाही. त्यांच्या हाताला हे काम मिळते. गाऱ्हाण्यासारखेच इथेही आजाऱ्याने स्वतः काही मागायचे नसते. त्याच्या वतीने चारचौघे मागतात.

सरावलेल्या हाताला एका पक्ष्याला दोन मिनिटे धरली तरी हजाराला ३३ तास होतात. एकट्याने रेटण्यापेक्षा वाडीतल्या बायका, बचतगट, शाळेचा वर्ग अशा स्वयंसेवकांनी वाटून घेण्याचे हे काम आहे, आणि त्यातच त्याचे मोल आहे: कुणी किती वेळ दिला हे आजाऱ्याला मोजता येत नाही, पण दिसते. हजाराचा हट्ट धरू नये. वाडीतल्या प्रत्येक घराचा एक असे पन्नासच झाले तरी पुरे.

कागद बरोबर चौकोनी हवा. साडेसात सेंटिमीटर बाजूचा सोयीचा. शाळेत वापरतात तो घोटीव कागद चांगला, कारण तो पातळ असतो आणि घडी धरतो. मागच्या वर्षीच्या कालनिर्णयची पानेही चालतात. खरी अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर कोकणातला कागद सर्दावतो, घडी बसत नाही, ओवलेल्या माळेला बुरशी धरते. त्यामुळे कागद कापून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि झालेले पक्षीही लगेच तिथेच टाकावेत. पंख उघडले नाहीत तर क्रौंच सपाट राहतो. शेकडो पक्षी खोक्यात नीट बसतात आणि एसटीने किंवा कोकण रेल्वेने जाणाऱ्या कुणाबरोबरही धाडता येतात. पंख मुंबईत सोबतच्या माणसाने उघडावेत, जमले तर रुग्णाने.

पाठवण्याआधी वॉर्डातल्या परिचारिकेला विचारणे आवश्यक आहे. रक्ताच्या कर्करोगात आणि केमोच्या काळात प्रतिकारशक्ती खालावलेली असते. अशा वॉर्डांत ताजी फुले सहसा येऊ देत नाहीत, आणि धूळ बसलेली किंवा ओलसर कागदी माळही तितकीच नकोशी. उघड्या माळेला परवानगी नसेल तर पारदर्शक पिशवीत बंद करून द्यावी, नाहीतर मुक्कामाच्या खोलीत टांगावी. त्याहीआधी विचारायचे ते रुग्णाला. काहींना खाटेशेजारी आजाराची आठवण देणारी कोणतीच वस्तू नको असते, आणि त्यांचा नकार गावाने मनाला लावून घेऊ नये.