गोल्डफिशचे 9 सेकंद आणि मुलांचे 8

व्हॉट्सॅपवर परत तेच फिरतंय, आजकालच्या मुलांचं लक्ष 8 सेकंद टिकतं, गोल्डफिशचं 9, म्हणून व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचं, आभासी जग दाखवणारं यंत्र) लावून ध्यान करायला बसवा, मेंदू तल्लख होतो. अहो, तो 8 चा आकडा 2015 मध्ये मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका रिपोर्टमध्ये आला, त्यांनी तो आकडेवारीच्या दुसऱ्याच एका वेबसाइटवरून उचललेला, आणि बीबीसीने 2017 मध्ये माग काढला तर मागे संशोधनच सापडेना. लक्षाला असं एकच माप नसतंच मुळी. माझा भाचा पाढे म्हणताना दीड मिनिटात उठतो आणि दिवाळीत किल्ला करताना दोन तास चिखलात बसून मावळे लावतो! गोल्डफिशलाही उगाच बदनाम केलंय, शिकवलेलं त्याला आठवडेच्या आठवडे आठवतं.

आता हेडसेट. समोर समुद्र, श्वास घेतला की फुगणारा गोळा, शेजारचा टीव्ही दिसतच नाही, त्यामुळे मूल तेवढा वेळ शांत बसतं हे खरंय. पण ते शांत बसणं बाकीचं सगळं झाकल्यामुळे असतं, हेडसेट काढला की तेच लक्ष आपोआप गणिताच्या वहीवर येतं असं नाही. बिनयंत्राचं माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे, आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचा सराव, तर ब्रिटनमध्ये 'मिरियाड' प्रयोगात 85 शाळांत तपासलं, 8 हजारांवर मुलं, वय 11 ते 14, 2022 ला निकाल आला आणि मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा काही दिसला नाही.

आणि मेटाच्या क्वेस्ट या व्हीआर हेडसेटला खुद्द कंपनीचीच 10 वर्षांखाली नको अशी अट आहे, ते मात्र फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही.